वाफमावशी आणि आतला पहारा

वाफमावशींच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी चपला बाहेर, मग हात धुवायचे, मग डोक्याला टोपी, आणि एवढं सगळं केल्यावरही मावशी दारात आडव्या उभ्या राहून विचारणार, "काम काय आहे?" मोठ्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा त्या असंच विचारत. बाळंतपणाच्या मोठ्या इस्पितळाचा तळमजला, त्यातही मागची बाजू, जिथे खिडक्यांच्या काचा बारा महिने घामेजलेल्या असत, तिथे मावशींचं राज्य होतं. वरच्या मजल्यांवर वापरलेल्या कात्र्या, चिमटे, कापडं सगळं खाली येई. मावशी ते घासून, धुऊन, पुसून कापडात बांधत आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलत. मशीन उघडलं की आत एकही जंतू जिवंत नसे, आणि असलाच तर मावशींच्या नजरेनं मेला असता, असं वॉर्डातल्या नर्सा म्हणत.

कागदावर त्यांना नाव होतं, हुद्दाही होता. पण ते कागदावरच. सगळं इस्पितळ त्यांना वाफमावशी म्हणे आणि त्यांनाही ते आवडे.

बरं, नोकरीत कडक असणारी माणसं घरी सैल असतात म्हणतात. ते दुसऱ्या कुणाच्या घरी. मावशींच्या घरात पाहुण्याचा कप पाहुणा जिना उतरायच्या आत उकळत्या पाण्यात पडलेला असे. भांडी पुसायची फडकी उकळून उकळून त्यांचा मूळ रंग कोणता हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मुलगा लहान असताना त्याची प्लास्टिकची मोटार रस्त्यावर पडली, तर मावशींनी ती घरी आणून पातेल्यात उकळली. मोटार चपटी होऊन बाहेर आली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "अपघात झाला असं समज आणि खेळ." तरी त्यांच्या मायेला तोटा नव्हता. फक्त त्यांची माया कढत असे, एवढंच.

अशा बाईच्या नशिबी सून आली ती जंतू पोसणारी. पोरगी त्याच इस्पितळात, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मावशींनी चहा पुढे केला आणि सहज विचारलं, "काम काय करतेस गं तू?"

"जंतू वाढवते," पोरगी म्हणाली.

मावशींनी हातातली बशी खाली ठेवली. "मुद्दाम?"

"हो. त्यांना जेली देते खायला, उबेत ठेवते. रोज बघते वाढले का ते."

मुलानं डोळे मिटून घेतले. आता हे लग्न काही होत नाही अशी त्याची खात्रीच झाली. पण मावशी बराच वेळ त्या पोरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "निदान खोटं बोलत नाहीस." झालं, लग्न ठरलं. पुढे सून कामावरून आली की मावशी दारातच हुकूम सोडत, "आधी अंघोळ." सून म्हणे, "आई, मी त्यांना झाकण लावून आलेय." मावशी म्हणत, "तू लावलंस गं, पण त्यांना विचारलंस का?" दोघींचं असं रोज चाले. सुनेची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेलेली. तिच्या तोंडून 'आई' हा शब्द निघे तो निव्वळ नात्यापुरता नसे, हे मावशींना कळत होतं. म्हणून सुनेचा डबा त्या स्वतः भरत आणि डब्याचं झाकण दोनदा पुसत.

एका बाबतीत मात्र मावशींचं वागणं सुनेला कोड्यासारखं वाटे. सुनेचं काम होतं गर्भपिशवीच्या अस्तरावर. पिशवीच्या आत जो मऊ थर असतो, तो जंतूंशी कसा लढतो, याचा तिथे अभ्यास चाले. ही गोष्ट मावशींसारख्या जंतूंच्या वैरिणीला ऐकायला आवडेल असं तिला वाटलं होतं. पण पिशवीचा विषय निघाला की मावशींना ऐकू येणं बंद होई. त्या उठत आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेत.

आता प्रयोगशाळेची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. तिथले काम संपलेले जंतू तसेच कचऱ्यात टाकत नाहीत, आधी मारतात. ते काम मावशींकडे. लाल झाकणाची टोपली म्हणजे मारायचे, निळ्या झाकणाची म्हणजे ठेवायचे. रोज सकाळी मावशी गाडी ढकलत वर जात, दाराबाहेरच्या फळीवरून लाल टोपली उचलत आणि खाली येत. दाराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. इतक्या वर्षांत लाल-निळ्याचा घोळ एकदाही झाला नव्हता. नव्या पोरी चुकत तेव्हा मावशी त्यांना विचारत, "घरी मिठाच्या जागी साखर घालतेस का?" आणि त्या पोरी पुन्हा चुकत नसत.

एके दिवशी वरचं उबेचं कपाट पुसायला रिकामं केलं होतं, म्हणून सुनेनं निळी टोपली थोडा वेळ बाहेरच्या फळीवर ठेवली. कपाट पुसून ती बाहेर येते तो लाल टोपली जागेवर आणि निळी गायब. ती जिना उतरून धावत खाली गेली, चपला काढायचं भान राहिलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे दारात तिला कुणी अडवलंही नाही.

मावशी स्टुलावर बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर एक धुरकट गोळा पडला होता. सुनेच्या सगळ्या प्लास्टिकच्या ताटल्या वाफेत एकमेकींना चिकटून, वाकून, त्यांचा तो गोळा झाला होता. कित्येक आठवड्यांची मेहनत होती ती.

"हे तुझं होतं ना?" मावशी म्हणाल्या. "लाल समजून उचललं मी. मला कसं दिसलं नाही गं?"

सुनेच्या ओठांवर आलेलं बरंच काही होतं. पण तिनं मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. मावशी उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. सुनेनं त्यांना दंडाला धरलं, तेव्हा तिला जखमा धुवायच्या औषधाचा उग्र वास आला. त्या खोलीत तो वास नवा नव्हता, पण आता तो मावशींच्या अंगाला येत होता. मग तिची नजर स्टुलावरच्या पांढऱ्या कापडावर गेली. कापडावर लाल डाग होता.

सुनेनं अंगातला पांढरा कोट काढला आणि मावशींच्या कमरेभोवती गुंडाळला.

"कोट खराब होईल तुझा," मावशी पुटपुटल्या.

"धुता येतो," सून म्हणाली.

संध्याकाळी सुनेनं नवऱ्याला कसल्याशा खरेदीला बाहेर धाडलं आणि मावशींच्या शेजारी जाऊन बसली. "कधीपासून आहे हे?" मावशींनी आधी उडवाउडवी केली. उष्णता झाली असेल, जिने फार चढले, वय झालं. सून हलेना. शेवटी मावशींनी सांगितलं. पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता गेल्या काही महिन्यांपासून मधूनमधून रक्त जात होतं. आधी थोडं, आता बरंच.

"आणि तो औषधाचा वास?"

मावशी खाली बघायला लागल्या. "धुते मी. आतून. सकाळी आणि संध्याकाळी."

"किती पाणी घालून?"

"पाणी कशाला घालू? पाणी घातलं की जोर कमी होतो."

सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो आई, ती नाजूक जागा आहे. कात्री आहे का ती?"

"घाण आहे, धुतल्याशिवाय कशी जाईल?" मावशी ताडकन म्हणाल्या. जे इतक्या वर्षांत नवऱ्याच्या मरणानंतरही कधी ओठांवर आलं नव्हतं, ते मावशी त्या दिवशी बोलल्या.

मुलाच्या पाठीवर त्यांना एक मुलगी झाली होती. कुठल्याशा अंधाऱ्या सूतिकागृहात, खाटेला खाट लागलेली. बाळंतपण सोपं झालं. पण दुसऱ्याच दिवशी मावशी तापानं फणफणल्या, आणि मग ती चिमुरडीही तापली. मावशी वाचल्या. मुलगी वाचली नाही. मावशींना पुन्हा मूल झालं नाही. त्या घरी परत आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी शेजारणींच्या देखत सांगितलं, हिची पिशवीच घाणेरडी, पोर घाणीत वाढली, दुसरं काय होणार. नवरा काही बोलला नाही. चांगला माणूस होता, पण त्या दिवशी बोलला नाही.

"मग मी इस्पितळात गेले," मावशी म्हणाल्या, "आणि म्हटलं, जिथे जंतू मारतात तिथे मला काम द्या. बाकीच्या बायकांचं तरी असं होऊ नये. माझं आतलं काही मला उकळता येत नव्हतं."

सुनेचे डोळे भरून आले.

"याला यातलं काही माहीत नाही," मावशी मुलाबद्दल म्हणाल्या. "कळूही द्यायचं नाही. आणि आता ही तीच घाण आहे. इतकी वर्षं साचलेली, ती निघतेय. निघून जाऊ दे."

सुनेनं डोळे पुसले आणि स्पष्ट बोलायचं ठरवलं. पाळी गेल्यावर रक्त जाणं ही घाण निघणं नव्हे. ते कशानंही होऊ शकतं, साध्या कारणानं होतं आणि वाईट रोगानंही होतं. वाईट असेल तर लवकर कळलं तर माणूस पूर्ण बरा होतो, उशिरा कळलं तर हातातून जातो. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

"मी नाही जाणार," मावशी म्हणाल्या. "त्या खोलीत सगळ्या माझ्या ओळखीच्या. माझ्या गाठोड्यातली हत्यारं घेऊन मला तपासणार आणि काय बघणार? वाफमावशी आतून घाणेरडी. तू तुझे जंतू सांभाळ."

त्यापुढे काही केल्या त्या ऐकेनात. सुनेनं रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. मावशी म्हणजे दगडच झाल्या होत्या. तिनं औषधाची बाटली मोरीत उपडी केली तेवढंच काय ते तिच्या हातात होतं. पण एक बाटली संपली म्हणून वाफमावशींना दुसरी मिळायची राहणार होती थोडीच. सुनेची एक आई आधीच गेली होती. दुसरीही अशी हट्टापायी जाणार की काय, या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

सकाळी मात्र ती वेगळंच ठरवून उठली. प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये थोडासा रस शिल्लक होता. काही आजारामुळे ज्या बायकांची पिशवी काढावी लागते, त्यांच्या संमतीनं अस्तराचा निरोगी तुकडा प्रयोगशाळेत येई. त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, त्या ज्या पाण्यात वाढत ते पाणी आटवून दाट करायचं, असा तो रस. शेवटच्या पडताळणीसाठी तिनं तो जपून ठेवला होता. वाफेत गेलेलं काम पुन्हा उभं करायला तोच लागणार होता. तिनं तो काढला आणि नवी ताटली लावली. वरिष्ठ बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?" तर म्हणाली, "आईसाठी." बाई समजूतदार होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीप्रमाणे गाडी ढकलत वर आल्या. लाल टोपलीकडे हात नेण्याआधी त्यांनी ती तीनदा बघितली. सून दारात उभी होती.

"माझं नुकसान भरून द्यायचंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग आत या. बाकी काही नको."

मावशी अडखळल्या. चूक त्यांना डाचत होतीच. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, टोपी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराच्या आत आल्या. आत आल्या आल्या त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून धूळ आहे का ते बघितलं. नव्हती. तशा त्या जरा सैलावल्या.

सुनेनं एक ताटली त्यांच्या हातात दिली. झाकणाखाली जेली होती आणि जेली दुधाळ दिसत होती.

"दूध सांडलंय का?"

"जंतू आहेत. जेलीभर वाढलेत. आता इथे बघा."

जेलीत दोन बारीक भोकं पाडलेली होती. एकाभोवती सगळं दुधाळच होतं. दुसऱ्याभोवती मात्र एक गोल होता, स्वच्छ, आरपार दिसणारा. मावशींनी चष्मा पुढे ओढला आणि ताटली खिडकीकडे धरली. आता त्या सासूही नव्हत्या आणि आजारीही नव्हत्या, त्या कामावर होत्या.

"इथले कुठे गेले?"

"मेले."

"वाफ दिलीस?"

"एवढ्याच जागेला कशी देणार?"

"मग औषध घातलंस."

"औषध नाही. या पहिल्या भोकात साधं मिठाचं पाणी आहे, तिथे बघा, कसे मजेत आहेत. दुसऱ्यात एक रस घातला. बास."

"वाफ नाही, औषध नाही आणि इतका साफ गोल?" मावशींना ते पटेना. त्यांनी ताटली तिरकी केली, उलटी केली, कडेनं पाहिली. "कडा बघ कशी आहे. माझ्या मशीननं याहून बरं काम केलं नसतं. कसला रस आहे हा?"

"बाईच्या पिशवीच्या अस्तराचा."

मावशींचा हात थांबला. सुनेनं ताटली त्यांच्या हातातून काढून घेतली नाही. ती शेजारी उभी राहून सांगत गेली, घरी भाजी निवडताना सांगावं तसं. अस्तराच्या पेशी नुसत्या बसून नसतात, त्या बारीक बारीक प्रथिनं तयार करत असतात. काही प्रथिनं जंतूंच्या अंगाला भोकं पाडतात. काही लोह धरून ठेवतात, मग जंतूंना खायलाच मिळत नाही. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यात जे जंतूंना मारतं, तेही तिथे असतं. खाली पिशवीच्या तोंडाशी चिकट बुळबुळीत पदार्थ असतो, तो दार अडवतो. पिशवीत एकही जंतू नसतो असं नाही, त्यावर अजून मोठमोठ्या लोकांची भांडणं चालू आहेत. पण पहारा असतो, आणि तो बाईला कुणी शिकवावा लागत नाही.

"उपाशी मारतात?" मावशींना तेवढं फार आवडलं. "हे बरं आहे."

"महिनाभर एकच पहारा नसतो. बदलत राहतो. आणि पाळी आली की अस्तर सुटतं, आत जखम उघडी पडते, तेव्हा यातली काही प्रथिनं सगळ्यात जास्त असतात."

"त्या दिवसांत?" मावशींनी चमकून विचारलं. "ते घाण रक्त जात असतं तेव्हा?"

"घाण कुठलं आई. तेव्हाच तर पहारा सगळ्यात कडक असतो. उतारवयात तो थोडा मंदावतो, हे खरं. आणि त्यात तुम्ही वरून ते औषध ओतून आणखी जाळून काढताय."

मावशी त्या गोलाकडे बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग माझी पोर?"

सुनेला ठाऊक होतं की हा प्रश्न येणार, आणि त्याला गोड उत्तर देणं सोपं होतं. पण तिच्या सासूनं तिला पसंत केलं होतं ते खोटं बोलत नाही म्हणून. "मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण बाळंतपणानंतर जिथून वार सुटते तिथे बशीएवढी जखम असते. आतला पहारा जिवापाड लढतो. तेवढ्यात बाहेरून कुणी अस्वच्छ हात घातला, हत्यार घातलं, तर त्याचा निभाव लागत नाही. तिथे काय पद्धत होती, ते तुम्हीच आठवा."

मावशींनी डोळे मिटले. त्यांना आठवायचे कष्ट पडले नाहीत. तिथली सुईण शेजारच्या खाटेवरून आली होती. हातात तीच कात्री. कात्री तिनं आपल्या पदराला पुसली आणि वापरली. हे मावशींनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते दृश्य त्या एक दिवसही विसरल्या नव्हत्या. त्याच कात्रीपायी त्यांनी हजारो कात्र्या उकळल्या होत्या. प्रत्येक बाईच्या बाबतीत त्यांना कळत होतं की दोष कात्रीचा. फक्त स्वतःच्या बाबतीत त्या सासूबाईंचं वाक्य धरून बसल्या होत्या. माणूस दुसऱ्याचा न्याय बरोबर करतो आणि स्वतःच्या वेळी कसा आंधळा होतो, याला काय म्हणावं?

"पदराला पुसली गं तिनं," मावशी म्हणाल्या. "पदराला."

आणि वाफमावशी रडल्या. प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून, टोपी घालून, ताटली हातात घट्ट धरून रडल्या. सुनेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाकीची मंडळी आपापल्या कामात डोकं घालून बसली.

रडून झाल्यावर मावशींनी चष्मा पुसला. "डॉक्टरीणबाई आत्ता आहेत का खोलीत?"

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढणार आहेस? चल."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि औषधाबद्दल मावशींना असं फैलावर घेतलं की नर्सा दाराआड तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. आजवर मावशींनी डॉक्टरीणबाईंना रागावलेलं नर्सांनी ऐकलं होतं, उलटं कधी नाही. आतला बारीक तुकडा तपासायला गेला. निकाल आला तो चांगला नव्हता. अस्तरातल्या काही पेशी बिघडल्या होत्या, रोग वाईट होता. पण सुरुवात वाटत होती. पिशवी काढावी लागणार होती आणि किती पसरलंय ते काढल्यावरच कळणार होतं.

मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला आजार कळला, बाकीचं काही कळलं नाही. तो आईसमोर डोळे पुसायला लागला तर मावशी म्हणाल्या, "रडायचं असेल तर रुमाल धुतलेला घे." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या स्वतःच्या ऑपरेशनची हत्यारं स्वतःच बांधायला निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाटेवर बसवून ठेवलं. मग मावशींनी आपल्या हाताखालच्या पोरीला बोलावून इतक्या सूचना दिल्या, की ती बिचारी रडकुंडीला आली.

सून वरवर सगळं हसण्यावारी नेत होती, पण आतून पार हादरून गेली होती. ऑपरेशन चालू असताना ती बाहेरच्या बाकावर बसली, नवऱ्याचा हात धरून. मावशी ताटली बघायला आल्या नसत्या तर, हा विचार तिच्या मनातून जात नव्हता.

मावशी शुद्धीवर आल्या, पाणी प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली मागणी केली. "मला बघायचीये ती." डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले, पण मावशींपुढे कुणाचं चाललं होतं म्हणून त्यांचं चालणार? पिशवी तपासणीला जायच्या आधी सून ती ठेवलेली बरणी घेऊन आली आणि मावशींच्या पुढ्यात धरली.

मावशी बघतच राहिल्या. "एवढीशी?"

"एवढीच असते. मुठीएवढी."

"यात दोघं राहून गेले?" मावशींनी बरणीवर हात ठेवला. "मी हिला काय काय बोलले गं आयुष्यभर. हिनं माझी पोरं सांभाळली आणि मी हिला घाणेरडी म्हणत आले." मग त्यांनी बरणी सुनेच्या हातात परत दिली. "जा घेऊन. नीट धर, पाडू नकोस."

काही दिवसांनी तपासणीचा निकाल आला. रोग अस्तरापुरताच होता, बाहेर कुठे गेलेला नव्हता. आता नेमानं तपासत राहायचं, बाकी घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुनेनं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. डॉक्टरीणबाई गेल्या, तेवढ्यात मुलगा आत आला. बातमी ऐकून तो आईच्या पायांपाशी मटकन बसला. सून बाहेर जायला निघाली, तर मावशींनी तिचा हात धरला.

"तू थांब," त्या म्हणाल्या. आणि मुलाकडे वळल्या. "तुला एक बहीण होती."

मुलानं बायकोकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. "मला? कधी?"

"तू नीट बोलायलाही लागला नव्हतास. थोडेच दिवस होती. नखं इतकी बारीक होती तिची, मला कापायची भीती वाटायची. तुझी आजी म्हणायची, ती घाणीत वाढली. मी ते खरं मानलं, म्हणून तुला कधी सांगितलं नाही." मावशींनी सुनेचा हात आणखी घट्ट धरला. "तसं नव्हतं ते. कात्री घाण होती. माझी मुलगी स्वच्छ होती. अगदी स्वच्छ होती."

मुलानं आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "दिसायला कशी होती?"

"तुझ्याहून बरी," मावशी म्हणाल्या, आणि त्याला सांगू लागल्या.